कयाकमधील वायरलेस : निवड, वापर आणि निगा

पावसाळा ओसरला की गोव्याच्या किनाऱ्यावर आणि नद्यांच्या मुखांशी रंगीबेरंगी कयाक दिसू लागतात. पाळोळे, आगोंद, शापोरा, साळ नदीचे मुख, दोना पावलाचा परिसर अशा ठिकाणी वल्हे हाती घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांत आता पर्यटकांच्या बरोबरीने गोमंतकीय तरुणही असतात. कयाक ही अत्यंत साधी होडी आहे. तिला इंजिन नसते, इंधन लागत नाही आणि ती उथळ पाण्यातही जाते. मात्र संकटात सापडल्यावर मदत मागण्याचे कोणतेही साधन तिच्यात मुळातून नसते. ते कयाकपटूला स्वतःच सोबत न्यावे लागते.

२५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा मृत्यू झाला आणि वीस जणांना वाचवण्यात आले. दुर्घटना किनाऱ्यापासून अगदी जवळ घडली होती. जीवरक्षकांना ती दिसली आणि ते तातडीने तिथे पोहोचू शकले. हीच घटना दोन किलोमीटर आत किंवा एखाद्या कड्याच्या आडोशाला घडली असती, तर ती कोणाच्या नजरेस पडली असती? किनाऱ्यावरून दिसत नसलेल्या माणसाचे प्राण बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून असतात : त्याची हाक कोणाला तरी ऐकू जाणे. त्यासाठीच दर्यावर्दी जग ‘मरीन व्हीएचएफ’ हा वायरलेस संच वापरते आणि त्याचा हातात मावणारा, जलरोधक प्रकार कयाकसाठी सोयीचा ठरतो.

मोबाईल असताना वायरलेस कशासाठी?

हा प्रश्न स्वाभाविक आहे. मोबाईलवरून भारतीय तटरक्षक दलाच्या १५५४ या शोध व बचाव क्रमांकावर किंवा ११२ वर संपर्क साधता येतो आणि किनाऱ्यालगत तो उपयोगीही पडतो. पण मोबाईलच्या मर्यादा समुद्रात लवकर उघड्या पडतात. काब द रामसारख्या कड्यांच्या पायथ्याशी नेटवर्क मिळेलच असे नाही. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे मोबाईल एका वेळी एकाच माणसाशी बोलतो. अर्ध्या किलोमीटरवर एखादा ट्रॉलर जाळे ओढत असला तरी त्यावरील तांडेलाचा मोबाईल क्रमांक कयाकपटूला ठाऊक नसतो.

वायरलेसवर दिलेली हाक ही उघड्या मैदानात मारलेल्या हाकेसारखी असते. मरीन व्हीएचएफवरील १६ क्रमांकाचे चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ ही कंप्रता, जगभर संकटाच्या हाकेसाठी आणि पहिल्या संपर्कासाठी राखून ठेवलेली आहे. मोठ्या जहाजांनी या चॅनेलवर कान ठेवावा, अशी आंतरराष्ट्रीय नियमांची अपेक्षा असते. तटरक्षक दलाची केंद्रे आणि गस्ती नौका त्यावर लक्ष ठेवतात. मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांवरही हे संच असतात. म्हणजे एक कळ दाबून केलेली हाक टप्प्यातील प्रत्येक श्रोत्यापर्यंत एकाच वेळी पोहोचते आणि जो सर्वांत जवळ असेल तो धावून येऊ शकतो.

कुठे गरज आहे, कुठे नाही

प्रत्येक पाण्यात वायरलेस लागतोच असे नाही. वडोदऱ्याच्या छाणी, हरणी या भागांतील तलाव घ्या किंवा आपले मये येथील तलाव घ्या. तिथे चारही काठ नजरेत असतात आणि मोठ्याने मारलेली हाक काठापर्यंत जाते. अशा पाण्यातील सुरक्षा वायरलेसवर ठरत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका अशा १४ जणांचा जीव गेला. किनारा जवळ होता, माणसे जवळ होती. पण बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. वायरलेस हाक पोहोचवतो, तो माणसाला तरंगत ठेवत नाही, हा त्या दुर्घटनेतून घ्यायचा धडा आहे. जाकीट आधी, वायरलेस नंतर, हा क्रम कधीही उलटा होता कामा नये.

समुद्राचे गणित निराळे असते. गोव्याच्या किनाऱ्यावर कोरड्या ऋतूत सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून समुद्री वारे जोर धरतात. पहाटेचे शांत पाणी पाहून निघालेला नवखा कयाकपटू जमिनीवरच्या वाऱ्याने आणि ओहोटीच्या ओढीने नकळत आत जातो. परतताना त्याला उलट्या प्रवाहाशी झगडावे लागते किंवा दुपारच्या लाटांना तोंड द्यावे लागते. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ किंवा इतर नद्यांच्या मुखांशी वाळूच्या पट्ट्यांवर लाटा अनपेक्षितपणे उसळतात. अशा जागी कयाक उलटली आणि वल्हे हातून सुटले, तर पोहणारा किनाऱ्यापासून दूरच ओढला जाण्याची शक्यता असते. वायरलेसची खरी गरज तिथे आहे.

संच निवडताना

बाजारात जलरोधक म्हणून विकला जाणारा प्रत्येक संच सारखा नसतो. त्यावरील ‘आयपीएक्स’ हा क्रमांक पाहावा. आयपीएक्स ७ म्हणजे संच एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरतो. आयपीएक्स ८ म्हणजे त्याहून अधिक. किती खोल आणि किती वेळ, ते उत्पादक सांगतो. कयाकसाठी ७ ही किमान पातळी मानावी. ही चाचणी नव्या संचावर आणि गोड्या पाण्यात केलेली असते. दोन वर्षे खारे पाणी, ऊन आणि वाळू सोसलेला संच त्या कसोटीला उतरेलच, अशी हमी तो क्रमांक देत नाही.

दुसरा गुण तरंगण्याचा. जलरोधक संच तरंगतोच असे नाही. हातातून निसटून तळाशी गेलेला संच आत कोरडा असला तरी निरुपयोगीच. काही संच तरंगतात आणि पाण्यात पडताच त्यांचा दिवा लुकलुकू लागतो. संध्याकाळच्या धूसर प्रकाशात त्याचा उपयोग होतो.

तिसरा गुण हाताळणीचा. उलटलेल्या कयाकला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने संच चालवावा लागेल, असे गृहीत धरूनच तो पारखावा. बोलण्याची कळ मोठी आणि ठळक हवी. १६ क्रमांकाच्या चॅनेलवर थेट नेणारी स्वतंत्र कळ हवी. कळा चुकून दाबल्या जाऊ नयेत म्हणून त्यांना कुलूप घालण्याची सोय हवी. पडदा भर उन्हात वाचता यावा. जाकिटाच्या छातीवरील खिशात संच बसतो की नाही, हे दुकानातच जाकीट घालून पाहणे श्रेयस्कर.

चौथा आणि आजच्या घडीला सर्वांत मोलाचा गुण म्हणजे ‘डीएससी’ आणि अंतर्भूत जीपीएस. अशा संचावर झाकणाखाली एक लाल कळ असते. ती काही सेकंद दाबून धरली की संच ७० क्रमांकाच्या चॅनेलवरून आपली ओळख आणि अक्षांश-रेखांश आपोआप पाठवतो. बोलता येत नसेल, धाप लागली असेल, तरीही आपण कुठे आहोत हे शोधकांना कळते. त्यासाठी संचात ‘एमएमएसआय’ हा नऊ अंकी ओळख क्रमांक भरलेला असावा लागतो. भारतीय नौकांच्या क्रमांकाचा आरंभ ४१९ या अंकांनी होतो. हा क्रमांक अधिकृतपणे मिळवायचा असतो. मनाने नऊ आकडे भरल्यास शोधकांची दिशाभूल होते.

वॉटमागे धावू नये

विक्रेते वॉटवर भर देतात. हातातील संच साधारणपणे ५ ते ६ वॉटचे असतात, तर जहाजांवरील स्थिर संच २५ वॉटचे. पण व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला शक्तीपेक्षा उंचीवर अधिक ठरतो. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की तिचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. कयाकमध्ये बसलेल्या माणसाच्या छातीवरील अँटेना पाण्यापासून सुमारे एक मीटरवर असते, म्हणजे तिचे क्षितिज जेमतेम चार किलोमीटर. दोन कयाकपटूंमधला संवाद कागदावर आठ किलोमीटरपर्यंत चालतो; प्रत्यक्षात लाटा आणि माणसाचे शरीर आड येत असल्याने तो बराच आधी तुटतो.

दुसऱ्या टोकाची अँटेना उंच असेल तर चित्र पालटते. टेकडीवर ६४ मीटर उंचीवर अँटेना असल्यास तिचे क्षितिज ३३ किलोमीटर होते आणि कयाकचे चार मिळवून एकूण टप्पा ३७ किलोमीटरपर्यंत जातो. मात्र मध्ये डोंगर किंवा कडा आला की हे गणित कोलमडते. म्हणून कड्याच्या आडोशाला असताना हाक ऐकली गेली नाही, तर शक्य असल्यास थोडे मोकळ्या पाण्याकडे सरकून पुन्हा प्रयत्न करावा. संच शक्य तितका उंच धरावा आणि अँटेना उभी ठेवावी.

बॅटरीबाबतही जाहिरातीतील तासांवर विसंबू नये. ते आकडे सहसा ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे आणि ९० टक्के निव्वळ प्रतीक्षा असे धरून काढलेले असतात. पूर्ण शक्तीवर बोलताना बॅटरी कितीतरी वेगाने उतरते. जवळच्या सोबत्याशी बोलायचे असेल तर एक वॉटचीच पातळी निवडावी आणि पूर्ण शक्ती संकटासाठी राखावी.

आधी परवाना, मग खरेदी

भारतात मरीन व्हीएचएफ संच खेळण्यातील वॉकीटॉकीसारखा विकत घेऊन वापरता येत नाही. परवान्याविना वापरता येणारे अल्पशक्तीचे वॉकीटॉकी ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. सागरी पट्टा त्यात मोडत नाही. सागरी संचासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय शाखेची मान्यता व परवाना हे विषय येतात. विभागाच्या ‘सरल संचार’ संकेतस्थळावरून अशा परवान्यांचे व्यवहार होतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीबाबत नोटिसा बजावल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. कंप्रता आणि परवान्याची अट न सांगता संच विकणे हा त्यातील मुख्य आक्षेप होता. संकेतस्थळावर वस्तू दिसते म्हणून ती कायदेशीर आहे, असे समजू नये.

गोव्यात या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. येथील असंख्य घरांत कोणीतरी जहाजावर नोकरीला आहे. सुट्टीवर येताना परदेशातून असा संच भेट म्हणून आणण्याचा मोह तारवट्यांना होऊ शकतो. त्याआधी परवान्याची चौकशी केलेली बरी. उपग्रहावरून चालणाऱ्या साधनांबाबत तर विशेष सावध राहावे. परवानगीविना उपग्रह फोन बाळगण्यास भारतात मनाई आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये दाबोळी विमानतळावर उपग्रह संदेशयंत्र बाळगणाऱ्या परदेशी पर्यटकावर कारवाई झाली होती. गिर्यारोहणासाठी वा नौकानयनासाठी परदेशात सर्रास वापरली जाणारी वस्तू इथे अडचणीत आणू शकते.

व्यक्तिगत परवान्याची वाट अवघड वाटत असल्यास दुसरा मार्ग आहे. कयाक सफरी नेणाऱ्या व्यावसायिकाकडे अधिकृत संच आहे का आणि सोबतच्या मार्गदर्शकाला तो चालवता येतो का, हे नोंदणी करतानाच विचारावे. ग्राहक हा प्रश्न विचारू लागले की व्यावसायिकांनाही त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

हाक कशी द्यावी

संकटाची हाक ‘मेडे’ या शब्दाने दिली जाते. फ्रेंचमधील ‘मला मदत करा’ या अर्थाच्या शब्दांवरून १९२०च्या दशकात तो रूढ झाला. जीव धोक्यात असेल तेव्हाच तो वापरावा. वल्हे मोडले आहे, सोबती दमला आहे, पण तूर्त जीवाला धोका नाही, अशा वेळी ‘पॅन-पॅन’ म्हणतात.

चॅनेल १६ लावून, पूर्ण शक्ती निवडून, कळ दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावे. ‘मेडे’ तीनदा, आपली ओळख तीनदा, मग ठिकाण, काय घडले, किती माणसे आहेत आणि कोणती मदत हवी, हा क्रम पाळावा. शेवटी ‘ओव्हर’ म्हणून कळ सोडावी. कळ दाबलेली असताना समोरच्याचे काहीही ऐकू येत नाही, हे नवखे लोक विसरतात. ठिकाण सर्वांत महत्त्वाचे. अक्षांश-रेखांश सांगता आले तर उत्तम. नाही तर ‘आग्वाद किल्ल्याच्या पश्चिमेस अंदाजे एक किलोमीटर’ असे खुणेच्या जागेवरून सांगावे. इंग्रजी अस्खलित नसली तरी संकोच करू नये. साध्या इंग्रजीत वा हिंदीत ठिकाण आणि माणसांची संख्या कळली की बचावाचे काम सुरू होऊ शकते.

खोटी हाक हा गंभीर गुन्हा आहे आणि चॅनेल १६ गप्पांसाठी नाही. सोबत्यांशी बोलण्यासाठी परवान्यात बसणारे दुसरे चॅनेल आधीच ठरवून ठेवावे. घरात तारवटी असेल तर त्याच्याकडून ही पद्धत शिकून घ्यावी. जहाजावरच्या माणसाला ती तोंडपाठ असते आणि घरातल्यांना ती शिकवण्यासाठी संच सुरू करण्याचीही गरज नसते.

संच कुठे ठेवावा

अनेकदा संच कयाकच्या बंद कप्प्यात किंवा पाठीमागच्या पिशवीत ठेवला जातो. कयाक उलटली की माणूस आणि होडी यांची ताटातूट होण्यास काही क्षण पुरतात. वारा रिकामी कयाक पोहणाऱ्यापेक्षा वेगाने वाहून नेतो. मग संच होडीबरोबर जातो आणि ज्याला त्याची गरज आहे तो पाण्यात रिकाम्या हाताने उरतो. म्हणून संच अंगावरील जाकिटाच्या छातीच्या खिशात असावा आणि आखूड दोरीने जाकिटालाच बांधलेला असावा. तरंगणाऱ्या संचालाही दोरी हवीच, कारण तरंगणारी वस्तू लाटेबरोबर दूर जाते. दोरी इतकीच लांब असावी की संच तोंडापर्यंत यावा. अधिक लांब दोरी पोहताना हातापायांत अडकते.

निगा : दर फेरीनंतर पाच मिनिटे

खाऱ्या पाण्याचा खरा मारा संच पाण्यातून बाहेर आल्यावर सुरू होतो. पाणी वाळते, क्षार मागे राहतात आणि हवेतील दमटपणाने ते धातू कुरतडू लागतात. म्हणून किनाऱ्यावर परतताच सर्व झाकणे बंद असल्याची खात्री करून संच गोड्या पाण्याने हलकेच धुवावा. जोरदार फवारा मारू नये. बोलण्याच्या कळेभोवती आणि स्पीकरच्या जाळीत क्षार व वाळू साठतात. तिथे अधिक लक्ष द्यावे. नंतर मऊ कापडाने पुसून सावलीत वाळवावा. स्पीकरमध्ये पाणी साचून आवाज घोगरा येत असेल तर जाळी खाली करून झटकावे. काही संचांत विशिष्ट आवाज काढून पाणी बाहेर फेकण्याची सोयही असते.

चार्जिंगचे धातूचे ठिपके हा सर्वांत नाजूक भाग. ओल्या ठिपक्यांवर चार्जर लावला की विद्युतप्रवाहामुळे गंज झपाट्याने चढतो. संच पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चार्जरवर ठेवू नये. यूएसबी झाकणाचा संच असेल तर त्या झाकणाखालील रबर दर वेळी पाहावे. वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला तरी तिथून पाणी आत शिरते. बॅटरीच्या सांध्यावरील रबरी कडीही चिरली वा चपटली आहे का, ते तपासावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांनी संच पुसू नये. त्यांनी रबर आणि प्लॅस्टिक कमकुवत होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डवर संच ठेवणे हे बॅटरीचे आयुष्य हाताने घटवण्यासारखे आहे.

गोव्यातील पावसाळ्याचे चार महिने ही निगेची खरी परीक्षा. या काळात समुद्र बंद असतो आणि संच कपाटात पडून राहतो. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. साधारण निम्मी भरून शक्य असल्यास संचापासून वेगळी काढावी. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावे. हंगामाआधी बॅटरी पूर्ण भरून संच घरातच सुरू ठेवावा आणि तो किती तास चालतो याची नोंद करावी. मागील वर्षापेक्षा तास बरेच घटले असतील तर नवी बॅटरी घेण्याची वेळ झाली आहे. जलरोधकता तपासण्यासाठी बादलीतील गोडे पाणी पुरेसे आहे. संच काही मिनिटे बुडवून पाहावा. झाकणापाशी बुडबुडे येत राहिले किंवा पडद्यामागे वाफ धरली तर तो समुद्रात नेऊ नये.

इतके सारे करूनही एक गोष्ट कोणताही संच करू शकत नाही. कुठे जाणार, कोणत्या मार्गाने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाला सांगून निघावे आणि ठरलेली वेळ टळल्यास १५५४ वर कळवण्यास त्याला सांगावे. हाक देण्याआधीच संच बिघडला किंवा ती कोणाच्या कानी पडली नाही, तर शोधाची सुरुवात त्या एका निरोपावरूनच होईल. जाकीट अंगावर, संच छातीवर आणि निरोप किनाऱ्यावर, ही तयारी कयाक पाण्यात ढकलण्यापूर्वीच झालेली असावी.